लाटीतली गोळी

आमचा कुत्रा घरी आला तेव्हाच पाच-सहा वर्षांचा होता. आबा असोदा ते जळगाव रिक्षा चालवायचे. बँकेतल्या एका साहेबांच्या मुलींना शाळेत सोडणं-आणणं त्यांच्याकडे होतं. साहेबांची बदली झाली, नव्या गावी फ्लॅटमध्ये कुत्रा चालणार नव्हता. सामानाचा ट्रक गेल्यावर तो पांढरा, झुबकेदार शेपटीचा पॉमेरियन आबांच्या रिक्षात पुढे पायाशी बसून गावात आला. माय म्हणाली, "हे काय आणलं? मांजर का कुत्रं?" आबा म्हणाले, "साहेब आहे तो. आदबीनं बोल."

मग चार-पाच वर्षांनी आबांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. रिक्षा विकली. दवाखान्यातून घरी आले ते खाटेवरच. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी बजावलं होतं की चाललात तरच पाय सुटेल. आबा भिंतीकडे तोंड करून पडायचे. मी शनिवारी धुळ्याहून यायची, समजवायची, चिडायची, रविवारी संध्याकाळच्या बसने परत जायची. मी धुळ्याला पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये आहे. बी.एस्सी. केमिस्ट्री. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि घरात कुणी आजारी पडलं की निर्णय माझा, असं तेव्हापासूनच ठरून गेलेलं.

पण आबांना चालतं केलं ते कुत्र्याने. त्याला अंगणात घाण करायची सवय नव्हती. सकाळ झाली की दारात उभा राहून खाटेकडे बघत भुंकायचा. मायबरोबर जायचा नाही, माझ्याबरोबर जायचा नाही. तीन दिवस त्याने सगळ्या घराला वेठीला धरलं. चौथ्या दिवशी आबा शिवी घालून उठले, डाव्या हातात पट्टा, काठी काखेत, आणि भिंतीला टेकत टेकत दारापर्यंत गेले. पुढच्या आठवड्यात कोपऱ्यापर्यंत. दोन महिन्यांनी बस स्टँडपर्यंत जाऊन परत. आबा थांबले की तो थांबायचा, तोंड वर करून बघायचा. आबा म्हणायचे, "चाल." तेवढा एक शब्द त्यांचा स्पष्ट होता. स्टँडवरचे रिक्षावाले ओरडायचे, "आबा, कोन कोनाले फिरवतंय?" आबा हसायचे. तोंड एका बाजूने वाकडं व्हायचं, पण हसायचे.

हे सगळं सविस्तर सांगितलं, कारण पुढे जे झालं ते नुसतं एका म्हाताऱ्या कुत्र्याचं नव्हतं.

थंडीत त्याला खोकला लागला. पहाटे उठून मान लांब करून खोकायचा, शेवटी ओकारी काढल्यासारखा आवाज. माय म्हणाली, "घशात काहीतरी अडकलं त्याच्या. काटा-बिटा असीन." तिने हळद-गूळ चाटवून पाहिलं. स्टँडच्या वाटेवर तो आता मध्येच बसायला लागला. आबा काठीवर भार टाकून त्याच्याजवळ उभे राहायचे. मी ऐकलं तेव्हा रजा टाकली आणि त्याला जळगावला कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टर तरुण होते, बोलायला सरळ. एक्स-रे उजेडावर धरून त्यांनी मला दाखवलं. छातीत हृदय असं पसरलेलं, की त्याने श्वासनळी वर ढकलली होती.

"झडप नीट मिटत नाही. रक्त मागे फिरतं. म्हणून हृदय मोठं झालंय, आणि फुफ्फुसात पाणी उतरायला लागलंय."

"बरा होईल?"

"नाही. या जातीत म्हातारपणी हे होतं आणि झालेलं परत जात नाही. पण गोळ्या वेळच्या वेळी गेल्या तर पुष्कळ दिवस काढेल. चांगले दिवस."

गोळ्या तीन. एक पिमोबेंडन, हृदयाला जोर देणारी, सकाळ-संध्याकाळ, उपाशीपोटी, खाण्याच्या तासभर आधी. दुसरी पाणी काढणारी, तीही दोनदा. तिसरी रक्तदाबाची, एकदा. पाणी काढणारीमुळे लघवी खूप होईल, तहान लागेल, पाणी तोडायचं नाही. झोपलेला असताना एका मिनिटातले श्वास मोजायचे, तिसाच्या वर जायला लागले की फोन करायचा. आणि शेवटी, मी उठता उठता, "मीठ बंद. मीठ पोटात गेलं की शरीर पाणी धरून ठेवतं, मग गोळीचा उपयोग नाही."

मी म्हटलं, "मी केमिस्ट्रीची आहे सर. लक्षात येतं."

घरी येऊन मी वहीचा कागद फाडून मोठ्या अक्षरात लिहिलं आणि ओट्यावरच्या भिंतीला चिकटवलं. मायला सावकाश वाचता येतं. तिने बोट ठेवून वाचलं. "मीठ बंद" याच्या खाली मी दोन रेघा मारल्या होत्या.

"कुत्र्याले हार्टची गोयी!" शेजारच्या अक्का भिंतीवरून म्हणाल्या. "तुह्या सासऱ्यानं जलमभर एक गोयी नही खाल्ली, व बाई."

"म्हनून तं गेला लवकर," माय म्हणाली.

मायने सांगितलेलं अक्षरशः पाळलं, हे मला लिहिलंच पाहिजे. आमच्याकडे कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पिठात मीठ दळतानाच पडतं. तिने कुत्र्यासाठी बिनमिठाची ज्वारी वेगळी दळून आणली, वेगळ्या डब्यात ठेवली. त्याची भाकरी आधी, मग आमच्या. वरणाचं पाणी फोडणीच्या आधी काढून ठेवायची. आबा दुपारी खाटेच्या कडेला बसून श्वास मोजायचे, डाव्या हाताची बोटं मिटत मिटत, आणि माय घड्याळाकडे बघून "झालं" म्हणायची. रोज दुपारी फोन यायचा. "बावीस." "चोवीस." बाकी काही नाही, नुसता आकडा. मी लॅबमध्ये तो नमुन्यांच्या वहीच्या कोपऱ्यात टिपून ठेवायची.

अडचण एकच होती. तो गोळी खायचा नाही. पिमोबेंडन खाण्याच्या आधी द्यायची, म्हणजे भाकरीत लपवायची सोय नाही, अगदी एवढासा घास चालेल असं डॉक्टर म्हणाले होते. केळ्यात घातली तर केळं खाऊन गोळी जमिनीवर ठेवायचा, स्वच्छ, चाटून. गुळात तेच. लोण्यात तेच. मायने तीन-तीन वेळा उचलून परत घालावी, गोळी विरघळून जावी. फेब्रुवारी असाच गेला. खोकला कमी झाला होता, पण रोज सकाळी युद्ध.

मार्चमध्ये गल्लीत उडदाचे पापड सुरू झाले. एकेका दिवशी एकेकीच्या घरी बायका जमतात, पोळपाट-लाटणं आपापलं आणतात. ज्या घरचे पापड, त्या घरून बाकीच्यांना लाट्या जातात, तेलात बुडवलेल्या. कच्ची लाटी मला अजून आवडते. जिभेला झोंबते आणि तरी थांबवत नाही. मायने अक्कांच्या घरून आलेल्या लाटीचा बोराएवढा तुकडा तोडला, गोळी आत दाबली, तेलाचं बोट फिरवलं आणि कुत्र्यापुढे धरली. त्याने गिळली. चावलीसुद्धा नाही.

पुढच्या शनिवारी मी गेले तर मायने मला मुद्दाम बसवून दाखवलं. तिन्ही गोळ्या, तीन लाट्या, एकामागून एक. तो समोर बसून तोंड उघडून वाट बघत होता.

"पाय," माय म्हणाली, "तुह्या डॉक्टरले हे आलं असतं?"

मी म्हटलं, "माय, तुला डिग्री द्यायला पाहिजे." मी मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढला. सोमवारी लॅबमध्ये सगळ्यांना दाखवला.

आता माझं काम काय ते सांगते. विहिरीचं, बोअरचं पाणी येतं, त्यात काय किती आहे ते मी मोजते. सोडियम मोजायचं यंत्र माझ्याच टेबलावर आहे. नमुना ज्योतीत जातो, ज्योत पिवळी होते, जितकी पिवळी तितकं सोडियम. हे मी दिवसातून वीस वेळा बघते. आणि पापड माझ्या हाताखालून गेलेले आहेत. शाळेत असताना पापडखार आणि मीठ घालून पाणी उकळणं माझं काम होतं. पापडखार म्हणजे सोडियमचाच क्षार. मीठ ते मीठ, आणि वर खार. हे मला कुणी विचारलं असतं तर मी झोपेत सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही, आणि मी बघत असताना मला ते दिसलं नाही. मायच्या हिशोबाने मीठ म्हणजे डब्यातलं मीठ, भाकरीतलं, भाजीतलं. लाटी हे काही खाणं नव्हतं, लाटी औषधाचा कागद होती. माझ्याही हिशोबाने तसंच झालं. फरक एवढा की ती केमिस्ट्री शिकलेली नव्हती.

मायने फ्रीजमध्ये एक डबा भरून गोळा ठेवला, तेल लावून. संपला की कुठल्या ना कुठल्या घरून लाट्या यायच्याच. दिवसाला पाच तुकडे. मार्च संपता संपता आकडे चढायला लागले. सव्वीस. अठ्ठावीस. एकदा एकतीस. मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी पाणी काढणारी गोळी दुप्पट केली. म्हणजे दिवसाला सात तुकडे झाले.

"खाण्यात मीठ नाही ना?" त्यांनी विचारलं होतं.

"अजिबात नाही," मी म्हटलं. "आमच्या घरी मी सांगितलं की पाळतात, सर."

कुत्रा पाण्याच्या भांड्यापासून हलेना. दर तासाला बाहेर जायचा. आबा पट्टा घेऊन उठायचे, दारापर्यंत, परत खाटेवर, परत दारापर्यंत. स्टँड सुटला होता. कोपऱ्यापर्यंत जायचे आणि दोघंही धापा टाकत उभे. कुणीतरी रिक्षावाला म्हणाला, "आबा, बसा, सोडतो दोघांले घरी." आबांनी मान हलवली. चालत आले.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पापड आमच्या घरी होते. मी शनिवारी दुपारी पोहोचले. माय चुलीवर खाराचं पाणी उकळत होती. मला म्हणाली, "चाखून पाय, खार बेताचा आहे का. माह्या जिभेले आता समजत नही." मी बोट बुडवलं. जिभेवर ठेवलं. चुलीच्या पलीकडे कुत्रा बसला होता, तोंड उघडून, पोट आत-बाहेर करत, माझ्या बोटाकडे बघत. त्याला वाटलं असावं गोळीची वेळ झाली.

तेव्हा मला ते दिसलं. मी उठले आणि फ्रीजमधला लाट्यांचा डबा काढून मोरीत रिकामा केला.

"काय व पोरी! काय करू राह्यली?"

"आजपासून गोळी लाटीत द्यायची नाही."

"काऊन?"

मी म्हणाले, "डॉक्टरांनी सांगितलंय."

डॉक्टरांनी काहीही सांगितलं नव्हतं. पापडांसाठी आलेल्या चार बायका दारातल्या ओट्यावर बसलेल्या होत्या. त्यांच्यासमोर मला खरं कारण तोंडातून काढता आलं नाही. नंतरही, त्या गेल्यावरही, काढलं नाही. माय दुखावेल असं मी स्वतःला सांगितलं. ते अर्धं खरं होतं. अर्धं असं होतं की मी व्हिडिओ काढला होता.

आता गोळी द्यायची कशी? मी दोन दिवसांची रजा घेतली. तोंड वर धरून, जबडा उघडून, जिभेच्या मागे ठेवून, तोंड मिटून, घसा चोळायचा, असं डॉक्टरांनी फोनवर समजावलं. मला जमलं. मी मंगळवारी गेले. मग ते आबांवर आलं. माय त्याला धरायची आणि आबा डाव्या हाताने जबडा उघडायचे. एक हात, तोही सवयीचा नाही. बोटं दातांत जायची. पहिल्या दिवशी चावला नाही. दुसऱ्या दिवशी चावला. तिसऱ्या दिवसापासून आबांची काठी वाजली की तो खाटेखाली, भिंतीला चिकटून. आबा वाकून म्हणायचे, "चाल." तो यायचा नाही. आबांना जमिनीवर बसता येत नव्हतं, वाकून राहता येत नव्हतं. माय केरसुणीच्या दांड्याने त्याला बाहेर ढकलायची आणि तो आबांच्या हातात थरथरत यायचा.

हे मला माय फोनवर सांगायची. वर म्हणायची, "लाटीत कसा राजासारखा खायचा. त्या डॉक्टरचं चांगलं नही होनार."

मी म्हणायची, "माय, आज किती?"

"अडतीस."

मी डॉक्टरांना सगळं सांगितलं, खरं ते, लाट्यांसकट. ते म्हणाले, "त्यानेच झालं असं म्हणता येत नाही. आजार पुढे जाणारच होता." मग म्हणाले, "पण मदत झाली नाही. उद्या घेऊन या, इंजेक्शनने पाणी उतरवू."

उद्यापर्यंत तो थांबला नाही. सकाळी माय उठली तेव्हा तो खाटेखाली होता, मान लांब केलेली, नाकाशी गुलाबी फेस. आबा जागे होते. खाटेवर बसलेले. त्यांनी हाक मारली नव्हती. माय म्हणाली, "तुम्हाले समजलं नही का?" आबा म्हणाले, "समजलं." एवढंच.

मी दहा वाजता पोहोचले. नाल्याच्या काठी चुलतभावाने खड्डा करून ठेवला होता. आबा आले नाहीत. आमच्यात जनावर पुरताना खड्ड्यात मीठ टाकतात. भाऊ किराणा दुकानातून जाड्या मिठाची पिशवी घेऊन आला होता. मायने दोन्ही ओंजळी भरून त्याच्या अंगावर टाकलं. मग माझ्याकडे पिशवी दिली. मीही टाकलं. काय करणार.

घरी आल्यावर अक्का आल्या, बसल्या, म्हणाल्या, "शिकलेल्या लोकांचं काही समजत नही. कुत्रं खात व्हतं, कशाले बंद केली लाटी?" मायने माझ्याकडे बघितलंही नाही. तिलाही तेच वाटत होतं, आणि माझी बाजू घ्यायची म्हणून ती गप्प होती. ते मला सहन झालं नाही. अक्का गेल्यावर मी तिला सांगितलं. पापडखारात काय असतं, त्याने काय होतं, डॉक्टरांनी लाटी बंद केली नव्हती, मी केली होती, आणि का केली होती.

माय तांदूळ निवडत होती. हात थांबले नाहीत.

"खारात मीठ असतं, हे तुले माहीत व्हतं?"

"हो."

"मी तुह्यासमोर दिली लाटी. तू फोटो काढला."

"हो."

"मंग तवा काऊन नही बोलली?"

"लक्षात आलं नाही, माय."

"तुह्या लक्षात नही आलं," ती म्हणाली. ताट घेऊन उठली, आत गेली, आणि दारातून म्हणाली, "यांले सांगू नको. कोनामुळे गेला, कसा गेला, काही नको सांगू."

मी तिचं ऐकलं नाही. ऐकता आलं नाही, कारण आबा चावलेल्या बोटांकडे बघत बसले होते, आणि मला कळत होतं ते काय समजून बसलेत. मी त्यांच्या खाटेशी खाली बसले. म्हटलं, "आबा, तुम्ही तोंड उघडून गोळी दिली म्हणून नाही गेला तो. चूक माझी होती." आणि सगळं सांगितलं. त्यांच्यासाठी सोपं करून.

त्यांनी ऐकून घेतलं. बोलायला त्यांना वेळ लागतो, शब्द जुळवावे लागतात. मी थांबले.

"असीन," ते म्हणाले. मग पुष्कळ वेळाने, "पन तो माह्यापासून पयत व्हता."

खारात काय असतं ते मी सांगू शकत होते. शेवटचा आठवडा त्याने आबांना घाबरून खाटेखाली काढला, हे खरंच होतं, आणि त्याला कुठल्या यंत्रात घालून कमी करता येत नव्हतं.

त्यानंतर आबा चालले नाहीत. मी दुसरा कुत्रा आणू का विचारलं, त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. व्यायामाच्या बाई परत यायला लागल्या. पायाची नस आखडत चाललीय म्हणतात. स्टँडवरचे रिक्षावाले एकदा घरी येऊन गेले, थट्टा केली, "आबा, चला, आता आम्ही फिरवतो तुम्हाले." आबा वाकडं हसले, आणि ते गेल्यावर मायला म्हणाले दार लोटून घे.

मी अजून शनिवारी जाते. त्यांचा डावा हात माझ्या खांद्यावर घेऊन त्यांना उठवते. ते नाही म्हणत नाहीत. दारापर्यंत येतात, उंबऱ्याशी थांबतात. मी थांबते. मी "चला" म्हणते. ते माझ्याकडे बघतात, राग नाही त्यात, आणि सावकाश मागे वळतात.